रात्री घशाशी येतं? खाटेचं डोकं उचला
हुमण (माशाची आमटी)-भात जेवून लगेच आडवं झालं, की पोटातलं आम्ल सैल पडलेल्या झडपेतून अन्ननलिकेत चढतं. जेवण आणि झोप यांत किमान 3 तास जाऊ द्या. उशांवर उशा रचू नका, त्याने पोट दुमडतं. त्यापेक्षा खाटेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली 15 ते 20 सेंटीमीटरचे लाकडी ठोकळे घाला. सपाट तासलेला चिराही चालतो, फक्त खाट डुगडुगत नाही ना ते पाहा. डाव्या कुशीवर झोपा. सोलकढीने पित्त शमतं म्हणतात, पण आमसूल आंबटच, काहींना त्यानेच जळजळतं. डॉक्टरांनी पॅन्टोप्राझोल (आम्ल कमी करणारी गोळी) दिली असेल तर नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्या. घास अडकत असेल, वजन घटत असेल किंवा शौचाला काळी होत असेल, तर घरगुती उपाय थांबवून थेट बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) दाखवा.