ट्रेलरसाठी बॅटरी केवढी आणि चार्जर केवढा, हिशोब असा मांडा

ट्रेलरमध्ये विजेची सोय करायची म्हटलं की बहुतेक जण आधी बॅटरी घेऊन मोकळे होतात, चार्जर काय कुठलाही चालेल असं धरून चालतात आणि मग तिसऱ्या दिवशी फ्रीज बंद. बॅटरी किती मोठी याच्याइतकंच ती रिकामी झाल्यावर कशाने आणि किती तासांत भरणार हे महत्त्वाचं आहे, कारण रोज जेवढी वीज खर्च होते तेवढी परत आत गेली नाही तर बॅटरी कितीही मोठी घ्या, बंद पडायचा दिवस फक्त पुढे ढकलला जातो.

सुरुवात वापरापासून करा. वस्तूचे वॉट गुणिले दिवसातले तास म्हणजे वॉट-अवर, एवढंच गणित आहे. समजा १२ व्होल्टचा ४५ वॉटचा कॉम्प्रेसर फ्रीज आहे, तो सलग चालत नाही, चालू-बंद होत राहतो, तरी गरमीत निम्मा वेळ चालतो असं धरा, म्हणजे झाले ५४०. ५ वॉटचे चार एलईडी दिवे चार तास, ८०. २५ वॉटचा पंखा रात्रभर आठ तास, २००. ६० वॉटचा लॅपटॉप अडीच तास, १५०. दोन मोबाईल मिळून ३० आणि पाण्याचा पंप पाव तास, साधारण २०. बेरीज १०२०. बघा, निम्म्याहून जास्त खर्च एकट्या फ्रीजचा आहे, त्यामुळे दिव्यांच्या आकड्यावर डोकं खपवू नका, फ्रीजला मीटर लावून पूर्ण २४ तास मोजा.

आणि इन्व्हर्टर विसरू नका हां. त्याला काही जोडलेलं नसलं तरी नुसता चालू राहायला तो १०-२० वॉट खातो, १५ धरले तर दिवसाला ३६० वॉट-अवर गेले, म्हणजे वरच्या उदाहरणातले दिवे, पंखा आणि मोबाईल मिळून जेवढे खातात त्याहून जास्त. म्हणून लॅपटॉप शक्यतो १२ व्होल्टच्या चार्जरवर चालवा आणि काम झालं की इन्व्हर्टरचं बटण बंद. थोडीफार गळती धरून आपण १०५० पकडू.

आता बॅटरी. बाहेरून काहीच चार्जिंग मिळालं नाही तरी दोन दिवस निघायला हवेत असं ठरवलं तर २१०० वॉट-अवर लागतील. लिथियम म्हणजे एलएफपी बॅटरीतून ८० टक्के आरामात वापरता येते, २१०० भागिले ०.८ म्हणजे २६२५, त्याला १२.८ व्होल्टने भागलं की साधारण २०५ अँपिअर-अवर (एएच), म्हणजे २०० एएचची बॅटरी पुरते. लेड-ॲसिड मात्र निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली तर लवकर मरते, त्यामुळे तिथे ४२०० वॉट-अवर म्हणजे ३५० एएच लागतात आणि वजन जातं १०० किलोच्या आसपास, लिथियममध्ये तेच काम २५ किलोत होतं. ट्रेलरला वजनाची मर्यादा असते, म्हणून माझं मत लिथियमच्या बाजूने आहे. फक्त एक, बॅटरीच्या आतलं तापमान शून्य अंशाच्या खाली असताना लिथियम चार्ज करायची नाही, सेल कायमचे खराब होतात. थंडीत जाणार असाल तर हीटरवाली बॅटरी घ्या, निदान जिचा बीएमएस, म्हणजे बॅटरीच्या आतलं तिला जपणारं सर्किट, थंडीत चार्जिंग आपोआप तोडतो अशी तरी घ्या. बीएमएस किती अँपिअर सोडतो तेही बघा, १०० अँपिअरचा असेल तर त्यातून जेमतेम १२८० वॉट निघतात, त्याच्यावर २००० वॉटचा इन्व्हर्टर लावून पूर्ण लोड टाकला की सगळं एकदम बंद.

चार्जरचा हिशोब उलट्या बाजूने करायचा, आधी तास ठरवा. दोन दिवसांत २१०० वॉट-अवर गेले म्हणजे साधारण १६५ एएच, ते जनरेटरवर चार तासांत भरायचे तर ४० अँपिअरचा चार्जर लागतो. २०० एएचच्या लिथियमला ४० अँपिअर सहज झेपतात. लेड-ॲसिडला साधारण क्षमतेच्या १० ते २० टक्के करंट द्यायचा, पण खरी अडचण पुढे आहे, ८० टक्क्यांनंतर ती करंट घेणं कमी करत जाते आणि शेवटच्या २० टक्क्यांना कितीही मोठा चार्जर लावला तरी तीन-चार तास जातातच. नुसत्या जनरेटरवर लेड-ॲसिड पूर्ण भरायची म्हणजे निम्मा दिवस आवाज ऐकायची तयारी ठेवा. चार्जरमध्ये लिथियमचं सेटिंग आहे ना तेही तपासा, लेड-ॲसिडचा इक्वलायझेशन मोड, म्हणजे मुद्दाम जास्त व्होल्टेज देऊन सेल सारखे करायचा, लिथियमवर चुकूनही चालवायचा नाही.

जनरेटर केवढा? ४० अँपिअर गुणिले १४.४ व्होल्ट म्हणजे ५७६ वॉट, चार्जर ८५ टक्के कार्यक्षम असेल तर आत जातात जवळपास ६८०. एवढ्यावर थांबून लोक १००० वॉटचा जनरेटर आणतात आणि तो धापा टाकतो, कारण स्वस्त चार्जरचा पॉवर फॅक्टर, म्हणजे ओढलेल्या भारापैकी (व्हीए) खरोखर वापरल्या जाणाऱ्या वॉटचं प्रमाण, ०.७ च्या आसपास असला की जनरेटरवर पडणारा भार ९७० व्हीएपर्यंत पोचतो. पॉवर फॅक्टर करेक्शनवाला चार्जर घेतला तर हाच भार ७०० च्या आसपास राहतो, तेव्हा तिथे पैसे वाचवू नका.

गाडी चालवताना चार्ज करायचं असेल तर मधे डीसी-डीसी चार्जर, म्हणजे गाडीकडून येणारा करंट मर्यादेत ठेवून ट्रेलरची बॅटरी भरणारा, हवाच, लिथियम सरळ जोडली तर ती अल्टरनेटरकडून एवढा करंट ओढते की तो तापून जळू शकतो. ३० अँपिअरचा डीसी-डीसी साधारण ४०० वॉट देतो, अडीच-तीन तास गाडी चालली की आपला दिवसाचा खर्च निघाला. इथे केबल बघा. गाडीच्या बॅटरीपासून ट्रेलरपर्यंत ५ मीटर, जाऊन-येऊन १० मीटर तांब्याची तार, ६ स्क्वेअर एमएमची असेल तर ३० अँपिअरला जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जातो, १६ ची टाकली तर ०.३३. दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ, तारेला झेपेल एवढाच फ्यूज टाकायचा, फ्यूज हा तार वाचवायला असतो.

सोलर लावणार असाल तर छतावर सपाट टाकलेल्या पॅनलचा ७० टक्केच धरा. पाच तासांचं चांगलं ऊन मिळत असेल तर १०५० साठी ३०० वॉटचं पॅनल लागतं, सावलीत उभं राहायचं असेल तर सोलरवर विसंबू नका.

लिथियमचं व्होल्टेज बघून किती शिल्लक आहे ते कळत नाही, मधला बराच वेळ ते १३.२ च्या आसपासच बसून राहतं, म्हणून शंटवाला मीटर लावा (शंट म्हणजे निगेटिव्ह तारेत बसवायचा, आत-बाहेर जाणारा करंट मोजणारा तुकडा) आणि सगळ्या निगेटिव्ह तारा शंटच्या पलीकडून घ्या, एखादी थेट बॅटरीला गेली की तेवढा खर्च मोजलाच जात नाही. निघायच्या आधी ट्रेलर उभा असतानाच एक रात्र सगळं चालू ठेवा, सकाळी मीटरवरचा आकडा त्या रात्रीच्या कागदावरच्या हिशोबाशी ताडून बघा, फरक मोठा आला तर आधी फ्रीज आणि इन्व्हर्टर तपासा, बहुतेक वेळा या दोघांपैकीच एक निघतो.