क्रेडिट कार्डाचे लाभ मुदत संपण्यापूर्वी कसे वापरावेत

क्रेडिट कार्डाचे सगळे लाभ मार्च संपण्यापूर्वी वापरून टाकावेत, असा सल्ला दरवर्षी हमखास दिला जातो. तो चुकीचा आहे, कारण यांतील बहुतेक लाभांचा आर्थिक वर्षाशी संबंधच नसतो. रिवॉर्ड पॉइंटची मुदत ते जमा झाल्यापासून, बहुधा दोन किंवा तीन वर्षे, मोजली जाते; विमानतळावरच्या लाउंजमधील (आरामकक्षातील) मोफत प्रवेश अनेक कार्डांवर तिमाहीनुसार मिळतात; व्हाउचरची मुदत त्यावरच छापलेली असते; आणि वार्षिक शुल्काची माफी कार्डाच्या स्वतःच्या वर्षावर ठरते. प्रत्येक कार्डासाठी या चार तारखा एका कागदावर लिहून काढाव्यात.

लाउंजचे न वापरलेले तिमाही प्रवेश पुढच्या तिमाहीत जात नाहीत. शिवाय अनेक बँकांनी मागील तिमाहीतील खर्चाची अट घातली आहे, म्हणून दिवाळीच्या प्रवासात लाउंज हवे असेल, तर जुलै ते सप्टेंबरचा खर्च सप्टेंबरमध्येच तपासावा.

खरी अडचण शुल्कमाफीची आहे आणि तिच्यात मी स्वतः अडकलो आहे. माझ्या एका कार्डाचे वार्षिक शुल्क २,५०० रुपये, म्हणजे १८ टक्के जीएसटी धरून २,९५० रुपये होते आणि वर्षभरात ४ लाखांचा खर्च झाल्यास ते माफ होणार होते. कार्ड ९ फेब्रुवारीला मिळालेले असल्यामुळे त्याचे वर्ष ८ फेब्रुवारीला संपत होते. मी ७ तारखेला दुकानात ३१,००० रुपयांचा फ्रिज घेतला, ॲपमध्ये व्यवहार दिसला आणि मी निर्धास्त झालो. प्रत्यक्षात त्या व्यवहारापुढे ‘प्रलंबित’ असा शब्द होता. दुकानाच्या बँकेकडून तो १० तारखेला पक्का झाला, नव्या वर्षाच्या खात्यात गेला आणि पुढच्या स्टेटमेंटमध्ये पूर्ण शुल्क आकारले गेले. फोनवर बरीच विनवणी केली, परंतु नियम त्यांच्या बाजूने होता.

तेव्हापासून मी वर्षअखेरीच्या दहा दिवस आधी हिशेब पूर्ण करतो आणि आपणही तसेच करावे. हिशेब करताना एकूण बिलांची बेरीज धरू नये. इंधन, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, हप्त्यांत रूपांतरित केलेली खरेदी असे खर्च अनेक कार्डांवर या मर्यादेत मोजले जात नाहीत. काहींवर विम्याचा हप्ता आणि सरकारी देणीही वगळलेली असतात. परत केलेल्या वस्तूची रक्कमही वजा होते, त्यामुळे आकड्याला नेमके टेकून थांबणे धोक्याचे आहे. चार-पाच हजार रुपये वर असू द्यावेत. आपल्या कार्डावर काय वगळले आहे हे अटींच्या पत्रकात वाचावे, किंवा ग्राहक सेवेला लेखी विचारून ‘आतापर्यंतचा पात्र खर्च किती’ याचे उत्तर ईमेलवरच घ्यावे.

रक्कम कमी पडत असेल, तर पुढच्या महिन्यात होणारच असलेला खर्च अलीकडे ओढावा: किराणा, चष्मा, गाडीची सर्व्हिसिंग, आधीच ठरलेल्या प्रवासाची तिकिटे. गरज नसलेली वस्तू केवळ मर्यादा गाठण्यासाठी घेणे मला अजिबात मान्य नाही. तीन हजारांचे शुल्क वाचवण्यासाठी वीस हजारांची खरेदी करून त्यातील काही रक्कम थकवली, तर त्यावर दरमहा साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागू शकते, आणि मग सगळी कसरत फुकट जाते. ज्यांना पूर्ण बिल वेळेवर भरणे जमत नाही, त्यांनी लाभांचा विचार बाजूला ठेवून आधी थकबाकी संपवावी.

पॉइंट वापरताना प्रत्येक पर्यायात एका पॉइंटचे किती पैसे मिळतात ते पाहावे. एकाच कार्डाचा पॉइंट बिलात वळता केला तर २० पैशांचा आणि विमान तिकिटासाठी वापरला तर ५० पैशांचा असू शकतो; ५,००० पॉइंटवर हा फरक १,५०० रुपयांचा होतो. काही बँका प्रत्येक वापरावर ९९ रुपये आणि जीएसटी, म्हणजे जवळपास ११७ रुपये घेतात. त्यामुळे थोडे थोडे पॉइंट वापरण्यापेक्षा सर्वांत जुने पॉइंट संपण्याच्या महिनाभर आधी एकदाच वापरावेत. ‘तुमचे पॉइंट आज रात्री संपत आहेत’ असा लिंकसह आलेला संदेश उघडू नये. बँकेचे ॲप स्वतः उघडून शिल्लक पाहावी. माहिती भरली गेलीच, तर ताबडतोब कार्ड बंद करवून सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

कार्ड बंद करायचे असेल, तर आधी पॉइंट वापरून व्हाउचरचा कोड हातात येऊ द्यावा आणि मगच अर्ज करावा. थकबाकी नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचे असते, अन्यथा विलंबाच्या प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला ५०० रुपये द्यावे लागतात. मात्र कार्ड बंद झाले की शिल्लक पॉइंट सहसा परत मिळत नाहीत.