सोलापुरात चर्चमध्ये लग्न: मंगल कार्यालयाआधी पाळकांकडे का जायचं

सोयरिक ठरली की घरच्यांची पहिली धाव मंगल कार्यालयाकडे असते. तारीख पक्की होते, इसार दिला जातो, पत्रिका छापायला जातात आणि मग कुणीतरी पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंना, फोन करतं. घोळ तिथेच सुरू होतो. ख्रिस्ती लग्नाला मंडळीची, म्हणजे आपल्या चर्चची, मान्यता लागते आणि कायद्याचीही. दोन्हींना वेळ लागतो, आणि एकीचा कागद दुसरीकडे चालत नाही. म्हणून निदान तीन महिने आधी पाळकांना किंवा फादरांना भेटा. जोडीदार दुसऱ्या धर्माचा असेल, किंवा कुणाचं आधीचं लग्न मोडलेलं असेल, तर सहा महिने धरा.

पहिल्या भेटीत एक गोष्ट स्पष्ट विचारा: लग्न लावणाऱ्याला तो अधिकार आहे का? १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे बिशपांकडून दीक्षा मिळालेले धर्मगुरू आपल्या चर्चच्या नियमांनी लग्न लावू शकतात. कॅथलिक फादर आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चचे प्रेस्बिटर (दीक्षित पाळक) यात येतात. स्वतंत्र मंडळ्यांच्या पाळकांना मात्र सरकारी परवाना लागतो. घरगुती प्रार्थनासभेतून वाढलेल्या मंडळ्या आता गल्लोगल्ली आहेत. पाळक मनाने कितीही चांगले असोत, परवाना नसेल तर त्यांनी आशीर्वादाची प्रार्थना करावी, लग्न लावू नये. परवान्याशिवाय लग्न लावणं हा गंभीर गुन्हा आहे, त्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. परवाना दाखवा म्हणण्यात कसलाही अपमान नाही.

कागदांचं काम

दोघांचे बाप्तिस्म्याचे दाखले, वयाचा पुरावा, आधार, फोटो, आणि दुसऱ्या मंडळीतून येणाऱ्याचं ना हरकत पत्र. विधवा किंवा विधुर असेल तर पहिल्या जोडीदाराचा मृत्यू दाखला, घटस्फोटित असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत. कॅथलिकांकडे बाप्तिस्म्याचा दाखला साधारणपणे सहा महिन्यांच्या आत काढलेला मागतात. घरात जपून ठेवलेला जुना दाखला का चालत नाही, म्हणून लोक नाराज होतात. त्याचं कारण साधं आहे. माणसाचं लग्न झालं की त्याची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये केली जाते. नव्या उताऱ्यात ती दिसते, जुन्यात दिसत नाही.

सर्वांत जास्त अडकतं ते नावात. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर ‘शमुवेल’, शाळेच्या दाखल्यावर ‘सॅम्युअल’, आधारवर ‘शामुवेल’. तेलुगू घरांत आडनाव आधी लिहायची पद्धत, मराठी कारकून ते शेवटी लिहितो, आणि एका माणसाची दोन माणसं होतात. लग्नाच्या रजिस्टरमध्ये जे नाव पडेल तेच पुढे पासपोर्ट, विमा, वारसा सगळीकडे उभं राहतं. सगळे कागद एका टेबलावर पसरा, नाव एकाखाली एक लिहून काढा, आणि फरक असेल तर लग्नाआधीच प्रतिज्ञापत्र करून घ्या.

वय: मुलगा २१ पूर्ण, मुलगी १८ पूर्ण. इथे एक बारीक मेख आहे. परवानाधारक पाळकांकडे लग्न असेल तर १८७२ च्या कायद्याच्या भाषेत २१ खालची व्यक्ती अजून ‘अज्ञान’, म्हणजे अल्पवयीन, धरली जाते. म्हणून १९ वर्षांच्या मुलीच्या लग्नाला वडिलांची संमती लागते. वडील नसतील तर पालकाची, पालकही नसेल तर आईची. मुलीच्या मनाविरुद्ध मात्र कुणाचीच संमती उपयोगाची नाही. दबावाखाली दिलेला होकार चर्चही लग्न मानत नाही.

मामाशी किंवा मामेबहिणीशी लग्न

सोलापूरच्या मंडळ्यांत मराठी, तेलुगू आणि कन्नड घरं शेजारी बसतात. तेलुगू आणि कन्नड घरांत मामा-भाचीचं लग्न जुन्या रीतीत बसतं, मराठी घरांत आतेभावाशी किंवा मामेबहिणीशी. चर्चचे नियम इथे वेगळे पडतात. कॅथलिक कायद्यात सख्ख्या आते-मामे, चुलत, मावस भावंडांपर्यंतचं रक्ताचं नातं निषिद्ध आहे. त्यातून सूट मिळू शकते, पण ती बिशपांकडून, कारण दाखवून आणि वेळेत मागावी लागते. प्रॉटेस्टंट परंपरा बायबलमधल्या लेवीय पुस्तकाच्या १८ व्या अध्यायावर उभी आहे. तिथे चुलत-मामे भावंडांचा उल्लेख नाही, पण आत्या-भाचा नात्याला मनाई आहे. त्याच न्यायाने मामा-भाचीचं लग्न बहुतेक पाळक लावत नाहीत. हे नुसतं पाळकांचं मत म्हणून सोडू नका. निषिद्ध नात्यातलं लग्न कोर्टात रद्दबातल ठरवता येतं. नातं लपवून चर्चमध्ये लग्नाची सूचना वाचायला लावू नका. पहिल्या भेटीतच आजोबांपासून दोन्ही बाजूंचा वंशवृक्ष कागदावर काढून द्या.

बॅन्स, वेळ आणि साक्षीदार

बॅन्स म्हणजे लग्नाची जाहीर सूचना. ती साधारणपणे तीन रविवार, वधू आणि वर दोघांच्याही चर्चमध्ये वाचतात. वर तेलुगू मंडळीतला आणि वधू मराठी मंडळीतली असेल तर दोन्ही भाषांत मजकूर तयार करून द्या आणि दोन्हीकडे एकाच रविवारी सुरुवात करा, नाहीतर महिना वाया जातो. परवानाधारक पाळकांकडे लेखी नोटीस द्यावी लागते: नाव, व्यवसाय, पत्ता, त्या पत्त्यावर किती दिवस राहता, लग्न कुठल्या चर्चमध्ये. त्यावर मिळणारं प्रमाणपत्र दोन महिनेच चालतं. तोवर लग्न झालं नाही तर सगळं पहिल्यापासून.

तारीख काढताना लेंटचा, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासाचा, काळ टाळा. बऱ्याच चर्चमध्ये त्या दिवसांत लग्नं लावत नाहीत. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा असते, त्या दिवसांत पाहुण्यांची वाहतूक आणि राहायची सोय अवघड होते.

आणि वेळ. १८७२ च्या कायद्याने लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सातच्या आतच लावायचं असतं. बिशपांच्या विशेष परवानगीने काही चर्चना सवलत मिळते, परवानाधारक पाळकांना ती नाही. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो, म्हणून लोक साडेसहाची वेळ धरतात. मग वधू ब्यूटी पार्लरमधून सव्वासातला येते आणि पाळक घड्याळाकडे बघत उभे असतात, कारण शिक्षा त्यांना होते. उन्हाळ्यात सकाळी नऊ किंवा संध्याकाळी पाचची वेळ घ्या. स्वागत समारंभ रात्री दहापर्यंत चालला तरी हरकत नाही.

दोन साक्षीदार आधी ठरवा. सज्ञान, सही करू शकणारे आणि पुढे दहा वर्षांनीही सापडतील असे. रजिस्टरवर वधू-वर, साक्षीदार आणि लग्न लावणारा यांच्या सह्या त्याच दिवशी, चर्चमधून बाहेर पडण्याआधी झाल्या पाहिजेत. फोटोंच्या गडबडीत ‘नंतर करू’ म्हणून राहिलेली सही पुढे वर्षभर राहते. महाराष्ट्रात महापालिकेकडच्या विवाह नोंदणीसाठी ९० दिवसांची मुदत असते, तेव्हा चर्चच्या दाखल्याच्या दोन-तीन प्रती लगेच घ्या.

जोडीदार ख्रिस्ती नसेल तर

१८७२ च्या कायद्याखाली दोघांपैकी एक ख्रिस्ती असला तरी लग्न होऊ शकतं. चर्चची अट वेगळी. कॅथलिक फादरांना बाप्तिस्मा न झालेल्या जोडीदारासाठी बिशपांची सूट लागते. सोलापूर पुणे धर्मप्रांतात येतं, तेव्हा कागद पुण्याला जातात. ख्रिस्ती जोडीदार आपला विश्वास जपण्याचं आणि मुलांच्या बाप्तिस्म्यासाठी शक्य ते सगळं करण्याचं वचन देतो, आणि दुसऱ्याला त्याची कल्पना दिली जाते. त्याला धर्म बदलावा लागत नाही. बऱ्याच प्रॉटेस्टंट मंडळ्या बायबलमधल्या २ करिंथ ६:१४ वर (विश्वास न ठेवणाऱ्याशी विजोड जोडी नको) बोट ठेवून दोघेही बाप्तिस्मा झालेले असावेत असं म्हणतात. पण केवळ तारीख मिळावी म्हणून बाप्तिस्मा घेऊ नका आणि कुणाला घ्यायला लावू नका. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याचा रस्ता मोकळा आहे: दोघांपैकी एकाचं जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य, ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार. कॅथलिकांनी मात्र लक्षात ठेवावं की सूट न घेता केलेलं नुसतं नोंदणी लग्न चर्च ग्राह्य धरत नाही. ते नंतर फादरांकडून नियमित करून घ्यावं लागतं.

विवाहपूर्व मार्गदर्शनात काय विचारायचं

बरीच जोडपी हे मार्गदर्शन सहीपुरतं उरकतात, आणि पुढे भांडण नेमकं तिथे न बोललेल्या गोष्टींवरून होतं. बायबलमध्ये उत्पत्ती २:२४ मध्ये एक क्रम आहे: आईबापांना सोडणं, एकमेकांशी जडून राहणं, मग एकदेह होणं. शरीरसंबंध लग्नासाठीच राखून ठेवा असं मंडळी सांगते ते या क्रमामुळे. शरीर घाणेरडं आहे म्हणून नव्हे. १ करिंथ ७:३-५ मध्ये पौल नवऱ्याच्या शरीरावर बायकोचाही हक्क सांगतो, आणि दूर राहायचं तर दोघांच्या संमतीने. तेव्हा ‘नवऱ्याचा हक्क’ म्हणून जबरदस्तीला या वचनाचा आधार घेता येत नाही. हे पाळकांनी वराला समोर बसवून सांगायला हवं.

वेगळं राहणार की एकत्र, पगार कुणाच्या हातात, माहेरी पैसे पाठवायचे का, मूल कधी, हे सगळं नावानिशी बोला. कुटुंबनियोजनाबद्दल मंडळ्यांत मतभेद आहेत. १९६८ च्या पोपच्या पत्रानुसार कॅथलिक चर्च फक्त नैसर्गिक पद्धती मान्य करतं. बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या ते जोडप्याच्या विवेकावर सोडतात. एक जण कॅथलिक आणि एक प्रॉटेस्टंट असेल तर हा प्रश्न लग्नाआधीच सोडवा. काही आजार, औषधं किंवा कर्ज असेल तर तेही आत्ताच सांगा. फसवणूक करून मिळवलेली संमती हे लग्न रद्द करण्याचं कारण ठरू शकतं.

आधीपासून एकत्र राहत असाल तर

पुण्यात नोकरीला गेलेली आपलीच मुलं एका फ्लॅटमध्ये राहतात आणि घरी सांगत नाहीत. मंडळीची भूमिका लपवण्यासारखी नाही: लग्नाविना सहवास हे पाप मानलं जातं, इब्री १३:४ चा दाखला दिला जातो. पण योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात, नवरा नसलेल्या पुरुषाबरोबर राहणाऱ्या शोमरोनी बाईला येशूने खरं सांगितलं आणि तिच्याशी बोलतही राहिला. पालकांनी तेवढं तरी करावं. लग्न करायचं असेल तर पाळकांना खरं सांगा. काही जण लग्नापर्यंत वेगळं राहायला सांगतील, काही तारीख लवकर काढतील. कॅथलिकांना आधी कबुलीसंस्कार (फादरांपुढे पापांची कबुली) घ्यावा लागतो. लपवलं तर मात्र बॅन्सच्या वेळी कुणीतरी हरकत घ्यायला उभं राहतं.

कायद्याकडून सहवासातल्या बाईला काही संरक्षण आहे: २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लग्नासारख्या नात्यालाही लागू होतो. बायकोचे सगळे हक्क मात्र त्यातून मिळत नाहीत.

लग्न मोडायच्या वाटेवर

मारहाण होत असेल तर आधी सुरक्षित जागी जा. ११२ किंवा महिलांसाठी १८१ वर फोन करा. मारहाणीमुळे घर सोडलं म्हणून लग्नाचं वचन तुम्ही मोडलं असं होत नाही. धोका असेल तर कॅथलिक कायदाही वेगळं राहायला मुभा देतो. ‘सहन कर, प्रार्थना कर’ एवढंच सांगून बाईला परत पाठवणं चूक आहे.

ख्रिस्ती लग्नाचा घटस्फोट १८६९ च्या घटस्फोट कायद्याने मिळतो. २००१ च्या दुरुस्तीनंतर नवरा-बायकोला कारणं जवळपास सारखी आहेत: व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, धर्मांतर, सात वर्षं ठावठिकाणा नसणं आणि आणखी काही. परस्पर संमतीच्या अर्जासाठी कलम १०अ मध्ये दोन वर्षं वेगळं राहण्याची अट आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ती एक वर्षावर आणली. आपल्याकडे काय चालेल ते वकिलाला आधी विचारा. अर्जानंतर किमान सहा महिने थांबावं लागतं. लग्न सोलापुरात लागलं असेल तर सासर कुठेही असलं तरी अर्ज सोलापुरात करता येतो. माहेरी परतलेल्या मुलींना हे बहुतेक कुणी सांगत नाही.

आता चर्चचं. मत्तय १९:९ मधला व्यभिचाराचा अपवाद आणि १ करिंथ ७:१५ मधला सोडून गेलेल्या जोडीदाराचा, या दोन आधारांवर बरेच प्रॉटेस्टंट पाळक पुनर्विवाह लावतात, पण चौकशी करून, आणि काही ठिकाणी बिशपांच्या परवानगीने. कॅथलिक चर्च वैध लग्न मोडत नाही. लग्न मुळात झालंच नव्हतं का, एवढंच त्यांचं धर्मन्यायालय तपासतं: दबाव, फसवणूक, मुलं होऊ न देण्याचा आधीच केलेला निश्चय, मानसिक असमर्थता. २०१५ पासून एकच होकारार्थी निकाल पुरतो. पण हा निकाल कोर्टात घटस्फोट म्हणून चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. फक्त चर्चचा कागद घेऊन दुसरं लग्न केलं तर ते दुसरं लग्न बेकायदेशीर ठरतं. उलट नुसत्या कोर्टाच्या हुकूमनाम्यावर फादर लग्न लावणार नाहीत.

हुकूमनामा मिळाल्यावर अपिलाची मुदत संपेपर्यंत थांबा. मग प्रमाणित प्रत काढा, कॅथलिक असाल तर धर्मन्यायालयाचा निकालही जोडा, आणि हे कागद पाळकांनी वाचून ‘चालेल’ म्हटल्यावरच नव्या सोयरिकीची बोलणी सुरू करा.