जुन्या बीटलचा ब्रेक लाइट स्विच बदलताना

फोक्सवॅगन बीटलमध्ये हा स्विच पेडलपाशी शोधू नका. तो थेट मास्टर सिलिंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइलवर दाब आणणारा भाग) आटे फिरवून बसवलेला असतो आणि ब्रेक ऑइलच्या दाबावर चालतो. स्विच थकला की पेडल जोरात दाबल्याशिवाय मागचे दिवे लागत नाहीत. हे धोक्याचं आहे, कारण हळूहळू वेग कमी करताना मागच्या गाडीला काहीच कळत नाही. टर्मिनलपाशी ऑइल पाझरत असेल तर पुढची तपासणी नकोच, स्विच बदला.

पाझर नसेल तर आधी खात्री करा. इग्निशन ऑन करून स्विचच्या दोन्ही वायर काढा आणि त्यांची टोकं एकमेकांना टेकवा. दिवे लागले तर दोष स्विचचा. नाही लागले तर स्विचला हात लावू नका; फ्यूज, बल्बचं होल्डर आणि अर्थ (गाडीच्या बॉडीशी असलेली जोडणी) पाहा. या गाडीतल्या लांबुडक्या फ्यूजची टोकं गंजतात, फ्यूज जागच्या जागी फिरवला तरी पुष्कळदा काम होतं. दोन सर्किटच्या, म्हणजे ब्रेक ऑइलचे दोन वेगळे मार्ग असलेल्या मास्टर सिलिंडरवर दोन स्विच असतात आणि दोन्ही समांतर जोडलेले असतात. तिथे दिवे पूर्ण बंद असतील तर दोन्ही स्विच एकदम गेले असण्यापेक्षा वायरिंगमध्ये बिघाड असण्याची शक्यता जास्त.

दिवे सतत लागून राहत असतील तर पुशरॉड, म्हणजे पेडलपासून सिलिंडरच्या पिस्टनला ढकलणारा दांडा तपासा. रॉड आणि पिस्टन यांच्यात सुमारे 1 मिमी मोकळीक हवी. पेडलवर ती 5 ते 7 मिमी जाणवते. ती नसेल तर सिलिंडरमध्ये दाब अडकून राहतो, ब्रेक तापतात आणि बिचारा स्विच उगाच बदलला जातो.

आता प्रत्यक्ष काम. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत पुढचं उजवं चाक, डाव्या स्टिअरिंगच्या गाडीत डावं चाक काढा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका, खाली स्टँड द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. तीन टर्मिनलचा स्विच असेल तर तिसरी वायर डॅशबोर्डवरच्या इशारा दिव्याची असते, म्हणून काढण्याआधी फोटो घ्या. स्विचभोवतीची माती ब्रशने झाडा. तिचा एक कण आत गेला तरी सिलिंडरचं रबर खराब होतं.

पुढच्या डिकीतली ऑइलची टाकी भरा आणि झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून ते घट्ट लावा, म्हणजे गळती मंदावते. नवा स्विच हाताशी ठेवा, जुना पान्याने सैल करून काढा, भोकावर बोट धरा आणि नवा लगेच लावा. आटे एम10×1 मापाचे (10 मिमी व्यास, 1 मिमी पिच), निमुळते आहेत. ते स्वतःच सील होतात. वॉशर नको. टेफ्लॉन टेप तर मुळीच नको, तिचे तुकडे ब्रेकच्या नळीत जातात. हाताने पूर्ण फिरवल्यावर पान्याने बेताने आवळा, कारण जास्त जोर दिला तर सिलिंडरला तडा जातो. रंगावर ऑइल सांडलं तर ताबडतोब पाण्याने धुवा.

झाकणाखालचं प्लॅस्टिक आठवणीने काढा. पेडल मऊ लागलं तर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढावीच लागेल. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत चाकांचा क्रम असा: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. डाव्या स्टिअरिंगला डावं-उजवं उलट करा. ऑइल डॉट 4 प्रतीचं चालेल. सिलिकॉनचं डॉट 5 त्यात मिसळू नका.

नवे स्विचही लवकर का जातात? 21 वॅटचे दोन बल्ब 12 व्होल्टवर साडेतीन अँपिअर ओढतात आणि थंड फिलामेंट पेटताना त्याहून कितीतरी जास्त. 6 व्होल्टच्या गाडीत तेवढ्याच वॅटला प्रवाह दुप्पट. त्या ठिणगीने स्विचचे काँटॅक्ट जळतात. म्हणून रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेचा स्विच) बसवणं आमच्या मते अत्यावश्यक. त्याच्या टर्मिनलच्या क्रमांकांप्रमाणे जोडणी अशी: 30 ला फ्यूजमधून बॅटरी, 87 ला ब्रेक लाइट, 86 ला स्विचची बाहेर जाणारी वायर, 85 ला अर्थ. रिले गाडीच्या व्होल्टेजचाच घ्या.

शेवटी कुणालातरी पेडल मिनिटभर दाबून धरायला सांगा, स्विचच्या बुडाशी कोरडा कागद टेकवून ओल येते का पाहा, आणि मगच चाक चढवा.