जुन्या विनोदी नाटकांची ड्रीम कास्ट कशी ठरवायची, तेही खान्देशात

ड्रीम कास्ट करायची म्हटलं की बहुतेक जण आवडत्या नटांची यादी काढतात आणि मग रोल वाटत सुटतात. आधी नाटक घ्या, त्यातला हमखास हशा येणारा एक प्रसंग निवडा आणि तो हशा नक्की कोणामुळे येतोय ते बघा.

'मोरूची मावशी'चंच घ्या, अत्र्यांनी ते 'चार्लीज आंट' या १८९२ च्या इंग्रजी नाटकावरून केलं. विजय चव्हाण डोळ्यांसमोरून हलत नाहीत म्हणून सगळे नवी मावशी शोधतात, पण मावशीवर लट्टू होणाऱ्या म्हाताऱ्याला ती शंभर टक्के बाई वाटली नाही तर सगळं कोसळतं. म्हणून मी आधी म्हातारा ठरवतो, अशोक सराफ, आणि मग मावशीला वैभव मांगले, कारण 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण त्यांनी केलीय, बाईच्या वेषात आवाज कसा सांभाळायचा ते त्यांना पक्कं माहितीये.

देवलांच्या 'संशयकल्लोळ' या संगीत नाटकाला फाल्गुनराव आणि कृत्तिका, हे एकमेकांवर संशय घेणारे नवरा-बायको, जोडीनेच निवडा, समीर चौघुले आणि विशाखा सुभेदार. अश्विनशेठ-रेवती या प्रेमी जोडीला मात्र गाता आलंच पाहिजे, तिथे तडजोड नको.

आता माझं सगळ्यात लाडकं, गोगोलचं 'इन्स्पेक्टर जनरल', १८३६ चं, ज्यावरून पुलंनी 'अंमलदार' केलं. हे आपल्याकडे आणायचं तर पत्त्यांत पैसे हरलेला एक पोरगा भुसावळला उतरतो, तिथून रावेरला येतो, लॉजचं बिल थकलेलं, आणि गावातले पुढारी, केळीचे व्यापारी त्यालाच वरून आलेला मोठा साहेब समजतात. पोरगा अमेय वाघ, कारण हा ठग नाहीये, लोक भाव देतात तसा तो फुगत जातो आणि ते फुगणं हळूहळू दिसायला पाहिजे. नगराध्यक्ष गिरीश कुलकर्णी. शेवटी खरा इन्स्पेक्टर आल्याची बातमी येते आणि सगळे जागच्या जागी थिजतात, गोगोलने ती स्तब्धता जवळजवळ दीड मिनिट धरायला सांगितलीय, त्यामुळे प्रत्येक नटाबद्दल स्वतःला विचारा की हा एवढा वेळ गप्प उभा राहून हसवेल का. नुसत्या बडबडीवर चालणारे इथेच गळतात.

भाषेचं मी फार मनावर घेतो. नोकराला अहिराणी आणि साहेबाला पुणेरी, ही सवय सोडाच, आपल्याकडे अमळनेरकडचा नगराध्यक्षसुद्धा घरी "काय करी ऱ्हायना रे भाऊ" असंच बोलतो, त्याच्या तोंडी ती आली की माणूस खरा वाटतो. आणि रावेर-यावलला लेवा बोली लागेल, धुळे-अमळनेरला अहिराणी, दोन्ही एकच समजून लिहिलं तर इथला प्रेक्षक पहिल्या वाक्याला ओळखतो. म्हणून नाव पक्कं करण्याआधी त्या नटाच्या आवाजात दोन-चार संवाद मोठ्याने म्हणून बघा, शब्द शिकवता येतात पण ठेका बसला नाही तर नाव कितीही मोठं असो, खोडा.

एकदोन रोल नावाजलेल्यांना देऊच नका. दुसऱ्यांची पत्रं फोडून वाचणारा पोस्टमास्तर मी राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या जळगावच्या एखाद्या हौशी नटासाठी ठेवलाय, कारण शेवटी त्या पोराचं पत्र फोडून सगळं बिंग बाहेर काढतो तो हाच, आणि ती बातमी गावाला इथल्याच माणसाच्या तोंडून कळली पाहिजे.