हानियाच्या जुन्या बंदरात सुट्टी: मुक्काम, दीपस्तंभ आणि शाकाहारी जेवण

क्रीट बेटावरच्या या ग्रीक गावाचं स्पेलिंग 'सी-एच'ने सुरू होतं, उच्चार मात्र हानिया. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर गाठा. जुलै-ऑगस्टमध्ये ऊन सोसत नाही आणि धक्क्यावर रेटारेटी असते.

१. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. अथेन्सहून विमानाने या, नाहीतर अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून रात्रीच्या बोटीने. बोट सूदाला लागते. तिथून हानिया साधारण ७ किलोमीटर, शहर बस मिळते.

२. खोली तोपानास किंवा स्प्लांत्झिया भागात, धक्क्यापासून दोन गल्ल्या आत घ्या. अगदी पाण्यासमोरची खिडकी सुरेख असते, पण खालच्या हॉटेलांचा गलका मध्यरात्रीपर्यंत चालतो. जुन्या घरांत बहुधा लिफ्ट नसते, म्हणून बुकिंगआधी मजला विचारून घ्या. टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी सोडते आणि फरसबंदीवर चाकांची बॅग अडखळते, सॅक बरी. संडासात कागद टाकू नका, नळ्या अरुंद असल्याने तुंबतात. कागदासाठी शेजारी डबा असतो. जेट स्प्रेची आशा नको, प्लास्टिकचा मग सोबत असू द्या.

३. दीपस्तंभाकडे सकाळी लवकर निघा, कारण तिथे नेणाऱ्या लाटरोधक बांधावर सावली नाही. धक्क्यावरच्या घुमटाच्या मशिदीपासून पाणी डाव्या हाताला ठेवून चालायचं. वाटेत व्हेनिसवाल्यांनी गलबतांसाठी बांधलेल्या कमानदार गोद्या लागतात. सतरांपैकी सात एका रांगेत उरल्या आहेत. पुढे बंदराला वळसा घालून बांधावर चढा. एकूण चाल दीड किलोमीटरच्या आसपास. बांधाला कठडा नाही, दगड झिजून गुळगुळीत झालेत. उत्तरेचा वारा असला की लाट थेट बांधावरून येते. दगड ओले दिसले तर तिथूनच परत फिरा.

मनोरा नीट बघा: तळ अष्टकोनी, मधला भाग सोळा बाजूंचा, वरचा गोल. पाया व्हेनेशियन, वरचं बांधकाम १८३० च्या दशकातल्या इजिप्शियन अमलातलं. फोटो मात्र संध्याकाळी समोरच्या फिर्कास किल्ल्यावरून घ्या, तेव्हा सूर्य पाठीशी असतो. १ डिसेंबर १९१३ रोजी क्रीट ग्रीसमध्ये सामील झालं, तेव्हा झेंडा याच किल्ल्यावर चढला.

पोहायचं असेल तर बंदरात उतरू नका. पश्चिमेला नेआ होरा चौपाटी चालत १०-१५ मिनिटांवर आहे.

४. न्याहारीला बुगात्सा: पातळ पापुद्र्यांत आंबूस-खारट मिझिथ्रा चीज, वरून साखर. दुपारी दाकोस, म्हणजे जवाचा कडक टोस्ट, त्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा आणि ऑलिव्ह तेल. तो लगेच खाऊ नका, टोमॅटोचा रस मुरला की मऊ पडतो. शाकाहारी असाल तर 'लादेरा' मागा. त्या तेलात शिजवलेल्या भाज्या. 'निस्तीसिमा' म्हणजे तिथल्या उपवासाचं जेवण. त्यात मांस, अंडी, दूध नसतं, पण ऑक्टोपस आणि कालवं चालतात! म्हणून ताटात काय काय आहे ते आधीच विचारा.