काशाचा बाऊल: वाजवायचं कमी, ऐकायचं जास्त

आमच्या दुकानात कुणी वाटी हातात घेतली की मी आधी तिला टिचकी मारते. नाशिकच्या भांडी बाजारातल्या घरात सून म्हणून आले त्याला बावीस वर्षं झाली, कान आता तयार झालाय. पितळ ‘टण्’ करून गप्प बसतं. कासं बोलत राहतं.

दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांचं आजारपण आणि दुकानाची थकलेली उधारी एकदमच अंगावर आली आणि मी रात्री तीनला छाती धडधडत उठायला लागले. ईसीजी नीट होता. डॉक्टरांनी गोळी दिली आणि श्वास सावकाश सोडायला शिकवलं. पण श्वास मोजता मोजता मी उधारीच मोजायला लागायचे. तेव्हा भाचीने काठमांडूहून सिंगिंग बाऊल आणून दिला, म्हणजे ठोका दिला की बराच वेळ घुमत राहणारा काशाचा वाडगा. माझी गोळी डॉक्टरांनी हळूहळू कमी केली, बाऊलने नव्हे, हे आधीच सांगून ठेवते.

आता घ्यायचा कसा? ‘तिबेटी’ म्हणून विकले जाणारे बहुतेक बाऊल नेपाळात, काठमांडू खोऱ्यात बनतात. ‘सात धातूंचा आहे, सोनं-चांदीही आहे’ असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. चांगला बाऊल म्हणजे सरळ कासं: साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. हे कासं लालभडक तापवूनच ठोकावं लागतं, गार ठोकलं तर तडकतं. म्हणून हातघडणीच्या बाऊलवर हातोडीचे ठसे दिसतात आणि काठ कुठे जाड, कुठे पातळ लागतो. हा दोष नाही. त्या कमीजास्तपणामुळे एकमेकांच्या अगदी जवळचे दोन स्वर एकदम निघतात आणि आवाज ‘ब्वांव... ब्वांव’ असा लाटांनी येतो. मुरादाबादकडचे ओतीव पितळी बाऊल दिसायला झकास असतात, पण लवकर विझतात. फोटो बघून घेऊ नका, वाजवून घ्या. माझा नऊशे ग्रॅमचा आहे, रात्रीच्या शांततेत चाळीसेक सेकंद ऐकू येतो. अमुक स्वर अमुक चक्राचा, हे मी काही विकत नाही.

बाऊल डाव्या तळहातावर ठेवा, बोटं सपाट. बोटं बाजूंना लागली की आवाज मेलाच. जड असेल तर जुन्या सुती ओढणीची चुंबळ करून तिच्यावर ठेवा. मोगरी, म्हणजे ठोका द्यायचा लाकडी दांडा, एका टोकाला नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) गुंडाळलेली हवी. काठाच्या थोडं खाली, बाहेरून एकच ठोका द्या, झोपलेल्या पोराला थोपटावं इतपत. कानाजवळ कधीच नाही. धाकट्या दिरांनी एकदा गमतीत उघड्या लाकडाच्या बाजूने सासूबाईंच्या शेजारी ठोका दिला. त्यांच्या कानातलं मशीन किंचाळलं आणि चहा साडीवर सांडला.

ठोका दिला की नाकाने श्वास आत घ्या, चारापर्यंत. मग आवाजाचा माग काढत सावकाश सोडा, सहापर्यंत. एका ठोक्यात असे तीन-चार श्वास बसतात. खरं काम आवाजाच्या शेपटाशी आहे. शेवटी तो इतका बारीक होतो की अजून आहे की संपला, कळत नाही, आणि तिथे कान लावून बसलं की उधारी आठवायला जागाच उरत नाही. संपल्यावर लगेच दुसरा ठोका नको. एक श्वास नुसता जाऊ द्या. दहा मिनिटांत दहा-बारा ठोके पुरतात.

हे का लागू पडतं ते मनगटावर बघता येतं. नाडीवर बोटं ठेवा: श्वास आत घेताना ठोके किंचित भरभर पडतात, सोडताना मंदावतात. मेंदूतून निघून छाती-पोटापर्यंत जाणारी व्हेगस नस हृदयाला लगाम घालते, आणि श्वास सोडताना तो लगाम जरा जास्त ओढला जातो. म्हणून सोडणं लांबवायचं. २०१७ साली छापलेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६२ जणांचा ताण बाऊल ऐकल्यावर कमी झालेला आढळला. पण तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे नुसतं तासभर आडवं पडल्यानेही तेवढंच झालं असतं का, हे त्यातून कळत नाही.

काठावर दांडा फिरवून गुणगुणवायचं सगळ्यांनाच आकर्षण. आधी हलका ठोका द्या, मग दांडा जवळजवळ उभा धरून एकसारख्या दाबाने, सावकाश फिरवा. ‘कर्रर्र’ झालं तर वेग जास्त किंवा दाब कमी. व्हायोलिनच्या गजासारखंच आहे हे, दांडा चिकटतो आणि सुटतो. पण त्यात खांदा आखडतो. जीव घाबरा झालेला असताना मी हे करत नाही.

पेसमेकर असेल, फिट्स येत असतील किंवा पोटुशी असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि बाऊल अंगावर ठेवून तर मुळीच वाजवू नका. डोळे मिटल्यावर जास्तच घाबरायला होतं अशी माणसं असतात. त्यांनी डोळे उघडे ठेवून काठाकडे बघावं. जुन्या वाईट आठवणी उसळायला लागल्या तर तळवा काठावर ठेवून आवाज बंद करा आणि उठून पाणी प्या.

माझी आजी पायाला तूप लावून काशाची वाटी घासायची, तळवे काळे झाले की म्हणायची, ‘बघ, उष्णता निघाली.’ तो काळेपणा काशाचा आणि तुपाचा, हे मला दुकानात आल्यावर कळलं. झोप मात्र खरंच लागायची.

अजूनही कधी तीनला जाग येते. तेव्हा मोगरी घेत नाही, हे जागे होतात. बाऊल चुंबळीवर असतोच उशाशी, त्याला फक्त मधल्या बोटाच्या पेराने टेकल्यासारखं करते. इतका बारीक आवाज की ऐकायला श्वास रोखावा लागतो, आणि मग तो सोडावाच लागतो.